घाटकोपरच्या गच्चीवरून दिसणारं विमान आणि नववीचं गणित

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घाटकोपरच्या शाळेत तुम्ही नववीला गणित शिकवता. दर काही मिनिटांनी छपरावरून विमान जातं, मुलांच्या माना खिडकीकडे वळतात, आवाज ओसरेपर्यंत तुम्हाला फळ्यापाशी थांबावं लागतं. तेव्हा या विमानांनाच तासाला बसवता येईल का? खर्चाला पैसे नाहीत, विमानातलं तुम्हाला काही कळत नाही, आणि पोर्शन कधी संपणार म्हणून मुख्याध्यापक विचारत असतात.

मी वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षांसाठी नेव्हिगेशन, म्हणजे विमानाची दिशा आणि वाट काढणं, शिकवतो. बारावीला गणितात उत्तम गुण मिळवलेली मुलं येतात आणि वाऱ्याचा साधा त्रिकोण (विमानाचा वेग आणि वारा मिळून ते खरं कुठे जाईल, याची आकृती) काढताना अडतात. साइन आणि कोसाइनची कोष्टकं त्यांना तोंडपाठ असतात, पण ती कशाला लावून पाहण्याची वेळ शाळेत कधी आलेली नसते. म्हणून मी शाळांमध्ये शनिवारचे तास घ्यायला लागलो. खाली सांगतोय ते त्या तासांतलं आहे.

उपक्रम कुठले, हे तुम्ही विचारलंत. ते भरपूर आहेत. त्याआधीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: विमानाची गंमत ओसरल्यावर मुलांच्या हातात गणित किती उरेल? ‘एक विमान ताशी ८०० किमी वेगाने जाते’ असं उदाहरण पुस्तकात असतंच, आणि त्यात विमानाच्या जागी मालगाडी घातली तरी काही बिघडत नाही. मुलाने आधी अंदाज लिहिला, मग स्वतः मोजलं आणि तेच उत्तर दुसऱ्या वाटेने पुन्हा काढून पाहिलं, तर विमान त्या गणितातून काढता येत नाही. माझा सगळा भर या दुसऱ्या वाटेवर असतो. एरवी मुलं उत्तर बरोबर आहे की नाही हे पुस्तकाच्या मागच्या पानावर किंवा बाईंच्या चेहऱ्यावर शोधतात. इथे मागचं पान नसतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मुंबईच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, मुख्य ०९/२७ आणि दुसरी १४/३२ (हे आकडे कसे येतात ते पुढे सांगतो). वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, त्यामुळे वर्षातला बराच काळ विमानं पूर्वेकडून, तुमच्या आणि कुर्ल्याच्या बाजूने, मुख्य धावपट्टीवर येतात. तुमची शाळा या रेषेच्या अगदी खाली असेल तर पुढचा उपक्रम जसाच्या तसा करता येईल. थोडी बाजूला असेल तर बदल करावा लागेल. दहिसर-मुलुंडच्या शिक्षकांसाठीचं शेवटी लिहितो. पावसाळ्यात ढग खाली असतात आणि गच्ची ओली असते, म्हणून मोजमापं दिवाळीनंतर घ्या. जून-जुलैमध्ये वर्गात बसून करायचं पुष्कळ आहे.

सुरुवात विमानाच्या उंचीपासून करा. लागतं काय, तर कंपासपेटीतली पट्टी, शक्यतो पारदर्शक. मूल हात सरळ डोक्यावर ताणून पट्टी धरतं आणि विमान अगदी माथ्यावर आलं की पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीवर किती सेंटिमीटर भरतात ते वाचतं. डोळ्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर जोडीदाराने दोऱ्याने आधीच मोजून ठेवायचं. नववीच्या मुलाचं ते ५० सेंमीच्या आसपास असतं. आता दोन समरूप त्रिकोण तयार झाले: लहान त्रिकोणाचा पाया पट्टीवरची लांबी, मोठ्याचा पाया खरे पंख.

खरे पंख किती लांब, हे माहीत हवं. मुंबईत उतरणाऱ्या विमानांत एअरबस ए३२० आणि ए३२१ खूप असतात, बोइंग ७३७ देखील असतात. यांची लांबी वेगवेगळी आहे, ए३२० सुमारे ३७.६ मीटर, ए३२१ सुमारे ४४.५ मीटर. पण टोकं वर वळलेली असतील तर या सगळ्यांचा पंखविस्तार ३५.८ मीटरच्या आसपासच येतो. म्हणून लांबी मोजायची नाही, पंख मोजायचे. चार इंजिनांचं किंवा डोळ्यालाच खूप मोठं दिसणारं विमान आलं तर ते सोडून द्यायचं.

समजा, पट्टीवर १२ सेंमी भरले. उंची = ३५.८ × ५० ÷ १२, म्हणजे सुमारे १४९ मीटर. हे वाचन एक-दोन सेकंदांत घ्यावं लागतं, कारण विमान सेकंदाला ७० मीटरच्या आसपास वेगाने जात असतं. त्यामुळे वाचनं ११ ते १३ सेंमी अशी पसरतात आणि उंची १३८ पासून १६३ मीटरपर्यंत फिरते. हा पसारा लपवू नका. सगळी वाचनं फळ्यावर मांडा आणि मध्य आणि मध्यक दोन्ही काढायला लावा. एखाद्याने घाईत ३ सेंमी लिहिलेलं असतं. मध्य तिकडे ओढला जातो, मध्यक फारसा हलत नाही. हा फरक व्याख्या पाठ करून समजायला महिना लागतो, इथे एका तासात कळतो.

आता दुसरी वाट. उतरणारं विमान जमिनीशी साधारण ३ अंशांचा कोन करून येतं. टॅन ३° म्हणजे ०.०५२४. ही तिरकी रेषा धावपट्टीच्या टोकाला टेकत नाही, टोकावर ती सुमारे १५ मीटर उंच असते आणि जमिनीला तिथून जवळपास ३०० मीटर आत मिळते. हे ३०० मीटर कुठून आले, ते मुलांनाच काढू द्या: १५ ÷ ०.०५२४. मग फोनवरच्या नकाशावर शाळेपासून धावपट्टीच्या पूर्व टोकापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते अडीच किलोमीटर आलं. त्यात ३०० मीटर मिळवले की २८०० × ०.०५२४, म्हणजे सुमारे १४७ मीटर. इकडे पट्टी आणि दोरा, तिकडे नकाशा आणि टॅन, आणि उत्तरं शेजारी-शेजारी येऊन बसतात. गणितात कच्ची समजली जाणारी मुलं या क्षणी सरसावून बसलेली मी पाहिली आहेत, कारण निरीक्षण त्यांचं होतं.

उत्तरं नेहमी जुळतीलच असं नाही. गच्चीवरून मोजलं तर पट्टीची उंची गच्चीपासूनची येते, तिच्यात इमारतीची उंची मिळवावी लागते. शाळा टेकडीवर असेल तर ती धावपट्टीपेक्षा जितकी उंच, तेवढंही मिळवावं लागतं. शाळा रेषेच्या बाजूला असेल तर पंख तिरपे आणि आखूड दिसतात, तेव्हा विमानाची लांबी घ्यावी लागते आणि ए३२० की ए३२१ हे ओळखावं लागतं. शिवाय पट्टीने मिळालेलं अंतर तिरकं असतं. तिथे कोनमापकाला दोरा आणि नट बांधून उन्नत कोन मोजायचा आणि तिरक्या अंतराला त्या कोनाच्या साइनने गुणायचं. हे दहावीला द्या, नववीला पहिल्या फेरीत नको. फरक का पडला हे शोधण्यात एक तास गेला, तरी तो तास गणिताचाच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही गोंधळाल. फोनवरच्या विमान दाखवणाऱ्या ॲपमध्ये विमानाची उंचीही दिसते. मुलं ती बघतात आणि आपलं चुकलं असं समजतात. ती उंची बहुधा हवेच्या दाबावरून, समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब आहे असं धरून आलेली असते. पावसाळ्यात मुंबईचा दाब १००३ च्या आसपास उतरतो. जमिनीलगत दर हेक्टोपास्कलमागे सुमारे ८ ते ९ मीटरचा फरक पडतो, म्हणजे ॲप ८०-९० मीटर जास्त दाखवू शकतं. त्या दिवशी मुलांची पट्टी ॲपपेक्षा खरी असते आणि का, हे त्यांना गुणाकाराने दाखवता येतं. हवेचा दाब हवामान खात्याच्या रोजच्या नोंदींत मिळतो.

वेग मोजण्याचा मोह होतो. विमानाचं नाक एखाद्या खांबाला लागल्यापासून शेपूट सुटेपर्यंतचा वेळ मोजायचा, ही कल्पना मुलं स्वतःच काढतात. पण तो वेळ जेमतेम अर्धा सेकंद असतो आणि बोटाने स्टॉपवॉच दाबण्यातच एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात. करायचं तर त्रुटीचं प्रमाण शिकवण्यासाठी करा, वेग काढण्यासाठी नको.

धावपट्टीचे आकडे पाचवी-सहावीपासून चालतात. होकायंत्राची दिशा १० ने भागून जवळच्या पूर्णांकात लिहिली की आकडा तयार होतो. पूर्व ९०° म्हणून ०९, उलट दिशेने तीच पट्टी २७. दोन्ही टोकांत नेहमी १८ चा फरक का, हे मुलं लगेच सांगतात. मग विचारा, ०९ आणि १४ या पट्ट्यांमधला कोन किती? साधारण ५०°. नववी-दहावीला यावर वारा घाला. पावसाळ्यात वारा २४०° कडून २० नॉट आहे (१ नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, १.८५२ किमी) आणि विमान २७ वर उतरतंय. कोन ३०°. आडवा वारा २० × साइन ३० = १० नॉट, समोरचा २० × कोसाइन ३० = सुमारे १७ नॉट. ३०-४५-६० चं कोष्टक पाठ का करायचं, या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

कागदी विमानं सगळेच करतात आणि बहुतेक ठिकाणी त्याची ‘कुणाचं लांब जातं’ अशी स्पर्धा होऊन बसते. स्पर्धा केली की मुलं जोरात फेकतात आणि मोजायचं काही राहत नाही. विमान फेकायचं नाही, ठरावीक उंचीवरून अलगद सोडायचं. बाकावर उभं राहून २ मीटरवरून सोडलेलं विमान ९ मीटर गेलं, तर गुणोत्तर ४.५. हेच गुणोत्तर उलट केलं की उतरण्याच्या कोनाचा टॅन मिळतो, म्हणजे मघाच्या ३ अंशांशी नातं जुळलं. प्रत्येक विमान पाच वेळा सोडा, फक्त एक घडी बदला, पुन्हा पाच वेळा. एका वेळी एकच बदल, हा नियम मात्र कडक पाळा. शेवटी हा प्रश्न टाका: इंजिनं बंद पडलेलं मोठं प्रवासी विमान उंचीच्या साधारण पंधरापट अंतर तरंगत जातं असं धरलं, तर मुंबईवर १० किमी उंचीवर इंजिनं थांबल्यास ते पुण्याला पोचेल का? सरळ अंतर सुमारे १२० किमी. कुणीतरी विचारतंच, पुणं समुद्रसपाटीपासून उंच आहे, मग ते वजा करायचं का? करायचं. सुमारे ५६० मीटर.

पटांगणात लहानशी मोकळी जागा असेल तर माझा सगळ्यांत आवडता उपक्रम करा. मुंबईत गर्दी झाली की विमानांना आकाशात थांबवून ठेवतात, त्याला होल्डिंग म्हणतात. ठरावीक गतीचं वळण सेकंदाला ३ अंशांचं असतं, म्हणजे अर्धं वळण एका मिनिटात. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, एक मिनिट उलट सरळ, एक मिनिट वळण. १८० नॉट वेगाने मिनिटाला ३ नॉटिकल मैल जातात, म्हणून पूर्ण फेरा १२ मैलांचा. आता एका मैलाला २ मीटर असं प्रमाण धरा. सरळ बाजू ६ मीटर, अर्धवर्तुळाची लांबी ६ मीटर, म्हणून त्रिज्या ६ ÷ π, सुमारे १.९ मीटर. खडू आणि दोऱ्याने हा आकार जमिनीवर काढा. वेळही दहा पटींनी लहान करा, म्हणजे चार मिनिटांचा फेरा २४ सेकंदांत. २४ मीटर २४ सेकंदांत चालायचे, सेकंदाला एक मीटर, मुलाची सावकाश चाल. एक मुलगी कंट्रोलर होते आणि सांगते, ‘आतापासून ३४ सेकंदांनी सुरुवातीच्या बिंदूवर ये.’ एक फेरा २४ चा. उरलेले १० सेकंद कुठे खर्च करायचे? सरळ बाजू लांबवून? मग ती किती? मुलं जागच्या जागी समीकरण मांडतात आणि चालून तपासतात. दुसरं विमान, म्हणजे दुसरा मुलगा, आत आणला की दोघांमध्ये अंतर राखायचा प्रश्न येतो आणि तास संपल्याचं कुणाला कळत नाही.

पावसाळ्यातल्या तासांसाठी एकक आणि वारा हे दोन विषय पुरेसे आहेत. एककांसाठी १९८३ ची घटना जशीच्या तशी सोडवायला द्या. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ला उड्डाणासाठी २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाक्यांत ७,६८२ लिटर होतं. लिटरचे किलो करताना ०.८ ने गुणायचं, त्याऐवजी १.७७ ने गुणलं गेलं, जो पाउंडांचा गुणक होता. वर्गाचे दोन गट करा, दोन गुणकांनी किती लिटर भरावं लागेल ते काढू द्या. एका गटाला ४,९०० च्या आसपास येतं, दुसऱ्याला २०,००० च्या वर. ते विमान ४१,००० फुटांवर इंधनाविना राहिलं आणि वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. कुणाचा जीव गेला नाही. यानंतर ‘उत्तराला एकक लिहा’ हे मला पुन्हा सांगावं लागत नाही.

वाऱ्यासाठी मुंबई-नागपूर घ्या, सरळ अंतर सुमारे ६८० किमी. हवेतला वेग ताशी ८०० किमी धरा आणि पश्चिमेचा वारा १०० किमी. जाताना वेग ९००, येताना ७००. आधी विचारा: जाताना वाचलेला वेळ आणि येताना गेलेला वेळ सारखाच का? जवळजवळ सगळी मुलं हो म्हणतात. हिशेब केला की जायला ४५.३ मिनिटं, यायला ५८.३, एकूण १०३.६. वारा नसता तर १०२. वारा २०० केला तर एकूण जवळपास १०९. वारा वाढला की तोटा वाढतोच, हे का, यावर नववीत चांगली चर्चा होते. हीच उदाहरणं उलटी विचारली, वेळ देऊन वेग आणि वारा काढायला सांगितले, की दोन चलांतील रेषीय समीकरणांचा सराव होतो.

विमानांच्या वाटेपासून लांब असलेल्या शाळांनी नकाशा घ्यावा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. शाळेच्या ॲटलासमध्ये ती दोन अंतरं दोऱ्याने मोजा, नकाशाच्या प्रमाणाने किलोमीटर करा, कोनमापकाने दोन्ही दिशा काढा, ताशी १६० किमी वेग धरून किती तास लागतील ते सांगा. कंपासपेटीतलं बहुतेक सामान या एका तासात बाहेर येतं.

विमानातलं काही कळत नाही ही तुमची काळजी सोडा. वर सांगितलेले मोजके आकडे पुरतात: ३ अंश, ३५.८ मीटर, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी, १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. विमान कसं उडतं हे मुलं विचारतील, ते विज्ञानाच्या शिक्षकांकडे पाठवा आणि तास गणिताकडे ठेवा. सुरक्षेबाबत मात्र कुठलीही सवलत नको. लेझर पॉइंटर कुणीही आणायचा नाही, तो विमानाकडे रोखला तर वैमानिकाचे डोळे दिपतात. पतंग, फुगे, ड्रोन यातलं काही वर सोडायचं नाही. गच्चीला कठडा असला तरी सोबत दुसरे एक शिक्षक हवेत. सूर्याच्या बाजूला पट्टी धरायची नाही, म्हणून वेळ सकाळी लवकरची नको, तेव्हा पूर्वेकडे सूर्य समोर असतो, आणि भर दुपारचीही नको, तेव्हा तो माथ्यावर असतो.

राहिला पोर्शन. हे तास जादा म्हणून घेतलेत तर मुख्याध्यापकांची तक्रार रास्त आहे. म्हणून धडा संपल्यावर बक्षीस म्हणून घेऊ नका, धड्याच्या आत घ्या. त्रिकोणमितीचा पहिला तास पट्टी घेऊन गच्चीवर, सांख्यिकीची सामग्री म्हणून त्याच दिवसाची वाचनं, गुणोत्तर-प्रमाणाला कागदी विमानं, समीकरणांना नागपूर. पुस्तकातली तितकी उदाहरणं त्या बदल्यात घरी द्या. वर्षात असे पाच-सहा तास पुष्कळ झाले, दर आठवड्याला केलंत तर तुम्ही दमाल आणि मुलांनाही त्याचं काही वाटेनासं होईल. चाचणीत एक प्रश्न मुलांच्या स्वतःच्या वाचनांवर ठेवा. त्याला गुण आहेत हे कळलं की वहीतली नोंद नीट होते.

पहिल्या वेळी एकच तुकडी न्या, चार-चारचे गट करा: पट्टी धरून वाचणारा, दोऱ्याने अंतर मोजणारा, लिहिणारा, विमान येतंय हे सांगणारा. दर तीन विमानांनंतर कामं बदला, नाहीतर लिहिण्याचं काम नेहमी त्याच मुलीकडे जातं. अंदाजाची चिठ्ठी गच्चीवर जाण्याआधी गोळा करा. पट्टीचे आणि नकाशाचे आकडे आले की दोन्ही इथे टाका, शाळेचं अंतर आणि मजला लिहा. जुळले नाहीत तर कुठे फरक पडला ते आपण मिळून पाहू.